अक्षरांच्या आधी पान : जुने कागद संगणकाने कसे पाहावेत?

१/
६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. त्याच्या पानावर दोन उभे स्तंभ असत : एक मराठीचा, दुसरा इंग्रजीचा. माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. डोळा आपोआप एका स्तंभातून वरून खाली उतरतो. संगणकाला मात्र पानाची रचना ठाऊक नसेल, तर तो सरळ डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि मराठी वाक्याच्या तुकड्याला इंग्रजी वाक्याचा तुकडा जोडतो. अशा वेळी प्रत्येक अक्षर अचूक ओळखले गेले, तरी हाती येतो तो निव्वळ गोंधळ.

२/
पानावर कोणता भाग कोठे आहे, तो कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणत्या क्रमाने वाचायचा आहे, हे संगणकाने ठरवणे म्हणजे ‘लेआउट ॲनालिसिस’, अर्थात पानाच्या मांडणीचे विश्लेषण. अक्षरे ओळखण्याचे काम, म्हणजे ओसीआर, त्यानंतरचे. महाराष्ट्रात जुन्या कागदांच्या डिजिटायझेशनची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : यंत्र मोडी कधी वाचू लागेल? या थ्रेडचे प्रतिपादन असे की, हा प्रश्न दुसऱ्या पायरीचा आहे. यंत्राला आधी मोडीचे पान पाहता आले पाहिजे, आणि त्या पानात काय पाहायचे हे इतिहासाच्या अभ्यासकांनी ठरवले पाहिजे.

३/
मांडणी ही केवळ सजावट असते, हा समज प्रथम दूर सारावा लागतो. शेतकरी कुटुंबातील कोणालाही सातबाऱ्यावरचा कंस परिचित असतो. पूर्वी फेरफार मंजूर झाला की जुन्या खातेदाराच्या नावाला कंस केला जात असे. नाव कागदावर राही, हक्क संपलेला असे. आता एखाद्या प्रणालीने त्या पानावरील नावे बिनचूक वाचली आणि कंस तेवढे गाळले, तर तिच्या यादीत जमीन विकून गेलेला मनुष्य पुन्हा मालक म्हणून उभा राहील. अक्षरांत चूक नाही, आणि तरीही नोंद खोटी. दोन वक्र रेघांचे मोल एवढे असू शकते.

४/
मोडी पत्राचे पान याच दृष्टीने पाहावे. माथ्यावर मध्यभागी ‘श्री’. डाव्या बाजूस सोडलेला समास. मग मजकूर, आणि त्याच्या शेवटी मोर्तब, म्हणजे लेखनाची मर्यादा सांगणारा छोटा शिक्का. मोर्तबाच्या खाली कोणी नंतर दोन ओळी घुसडल्या, तर त्या अधिकृत मजकुराबाहेरच्या ठरत. लांब पत्रासाठी कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवत आणि सांध्यावर पाठीमागून शिक्का उमटवत. त्यामुळे मधला तुकडा काढून दुसरा बसवणे अवघड होई. सारांश, कागदावरील जागा हीच त्या काळची सुरक्षाव्यवस्था होती. ती शब्दांत लिहिलेली नाही. ती केवळ दिसते.

५/
मोडीची ओळसुद्धा वेगळ्या घडणीची आहे. लेखक आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढी आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, हात शक्यतो उचलायचा नाही. वेगासाठी ही रीत उत्तम होती. संगणकाच्या दृष्टीने मात्र अशी ओळ म्हणजे शाईचा एकच अखंड ठिपका. छापील देवनागरीत शब्द निदान एकमेकांपासून सुटे असतात. मोडीत तोही आधार नाही. वरच्या ओळीचे लोंबते फाटे खालच्या शिरोरेषेला टेकले, तर दोन ओळींचाही एकच ठिपका होतो.

६/
मांडणी ओळखण्याच्या तंत्राचा आरंभ मोडीपासून फार दूर, कार्यालयीन आणि छापील कागदांवर झाला. १९७९ मध्ये जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सू यांनी चित्रातील करड्या छटांतून ‘शाई’ आणि ‘कागद’ यांची सीमा आपोआप ठरवण्याची पद्धत मांडली. १९८२ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली : दोन काळ्या ठिपक्यांमधील लहान पांढऱ्या फटी भरून टाकायच्या. फटी भरल्या की अक्षरांचे शब्द, शब्दांच्या ओळी आणि ओळींचे ठोकळे होतात. मग ठोकळ्याच्या आकारावरून हा मजकूर, हे चित्र, ही रेघ, असा निवाडा करता येतो.

७/
१९८४ मध्ये जॉर्ज नागी आणि शरद सेठ यांनी पान कापत जाण्याची पद्धत मांडली. पानावरची सारी शाई आडव्या आणि उभ्या कडेवर मोजायची, जेथे रिकामी पट्टी आढळेल तेथे छेद द्यायचा, आणि प्रत्येक तुकड्यावर तीच कृती पुन्हा करायची. ‘दर्पण’सारख्या पानावर हा उपाय सहज चालावा, कारण दोन स्तंभांमधली मोकळी पट्टी वरपासून खालपर्यंत सरळ असते. या पद्धतींमागे एक गृहीतक दडलेले होते : ओळी सरळ असतात, कडा काटकोनात असतात, आणि रिकामी जागा खरोखर रिकामी असते.

८/
जुना हस्तलिखित कागद यांतले एकही गृहीतक पाळत नाही. ओळ उजवीकडे जाताना वर चढते किंवा खाली झुकते. घडीच्या जागी कागद विरलेला असतो. पाठीमागची शाई पुढे उमटते. वाळवीने पाडलेले छिद्र आणि शाईचा ठिपका करड्या छटांत सारखेच दिसू शकतात. समासात कोणीतरी नंतर आडवे लिहिलेले असते. अशा पानावर सरळ छेद दिला, तर ओळीच चिरल्या जातात. म्हणूनच छापील पानांचे विश्लेषण बरेच पुढे गेले, तरी हस्तलिखितांचे दफ्तर दीर्घकाळ संगणकाच्या आवाक्याबाहेर राहिले.

९/
चित्र पालटले ते उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालींमुळे. २०१५ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे ‘यू-नेट’ नावाचे न्यूरल नेटवर्क तयार झाले. त्याचा मूळ हेतू होता सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांत पेशींच्या सीमा ओळखणे. चित्रातील प्रत्येक बिंदू कशाचा, हे ते सांगते. हीच कल्पना जुन्या कागदालाही लागू पडते : हा बिंदू ओळीचा, हा नक्षीचा, हा कोऱ्या कागदाचा. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी ‘डीएचसेगमेंट’ ही ऐतिहासिक दस्तऐवजांसाठीची प्रणाली याच वळणावर उभी केली. आता नियम लिहून द्यायचे नव्हते; माणसांनी खुणा केलेली पाने दाखवायची होती.

१०/
भारतीय हस्तलिखितांसाठी २०१९ मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीमधील संशोधकांनी ‘इंडिस्केप्स’ हा खुणा केलेल्या पानांचा संच प्रसिद्ध केला. त्यातील वर्गांची यादी वाचण्यासारखी आहे. त्यात अक्षरांची ओळ आहे, चित्र आहे, नक्षी आहे. पण त्याबरोबर पोथीची दोरी ओवण्याचे छिद्र आहे, ग्रंथालयाने नंतर मारलेली खूण आहे आणि कागद वा ताडपत्र झिजल्याची जागाही आहे. युरोपीय छापील पानांसाठी केलेल्या यादीत ‘दोरीचे छिद्र’ कोणाला सुचले नसते. पोथी हाताळलेल्या माणसालाच ते सुचते.

११/
या थ्रेडचा मुख्य मुद्दा येथेच आहे. यंत्र जे वर्ग शिकते, तेवढेच त्याला दिसते. यादीबाहेरची प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी ‘पार्श्वभूमी’ असते, आणि पार्श्वभूमी म्हणजे टाकाऊ. त्यामुळे वर्गांची यादी करणे हा वरकरणी तांत्रिक वाटणारा निर्णय वस्तुतः इतिहासलेखनाचा निर्णय असतो. कोणाची खूण ‘मजकूर’ मानायची आणि कोणाची ‘डाग’, हे त्या यादीत ठरते. ही यादी संगणक अभियंत्यांवर सोपवून अभ्यासक मोकळे झाले, तर दोष अभियंत्यांचा म्हणता येणार नाही.

१२/
मराठी दफ्तरांतील याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे महजर. वतनाचा किंवा शिवेचा तंटा निवडला की निवाड्याच्या कागदावर जमलेल्या गोताची साक्ष पडे. ज्यांना लिहिता येत असे, ते नाव घालीत. ज्यांना येत नसे, ते आपल्या व्यवसायाची निशाणी काढीत किंवा त्यांच्या नावापुढे ती काढली जाई : कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, सुताराचे हत्यार. कागदाच्या कडेला किंवा तळाशी ही इवलीशी रेखाटने असतात. गावातील ज्या माणसांना अक्षर ठाऊक नव्हते, त्यांची कागदावरील उपस्थिती बहुधा तेवढीच.

१३/
आता अक्षरे शोधणाऱ्या प्रणालीपुढे हा महजर ठेवावा. नांगर हे अक्षर नाही. तराजू हे अक्षर नाही. प्रणाली त्यांना एक तर डाग समजून पुसेल, किंवा कसेबसे एखादे अक्षर बनवून ओळीत घुसवील. पाटील-कुलकर्ण्यांची नावे शोधयादीत येतील. बलुतेदार अदृश्य होतील. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी त्या माणसाची साक्ष घेण्यासाठी गावाने त्याला चावडीवर बोलावले होते. त्याची निशाणी डिजिटल प्रतीतून गळणे, हा त्याच्या साक्षीचा दुसऱ्यांदा घेतलेला आणि या वेळी फेटाळलेला जबाब ठरेल. उपाय अवघड नाही. वर्गांच्या यादीत ‘निशाणी’ हा एक वर्ग हवा, आणि पुरेशा पानांवर तो दाखवून द्यायला हवा.

१४/
हिशेबी कागदांचे दुखणे वेगळे आहे. पेशवेकालीन हिशेबात आकडा आधी आणि त्याची बाब नंतर येते. मोठ्या रकमेखाली तिचे पोटभाग, त्यांच्याखाली आणखी पोटभाग, मग रेघ आणि बेरीज. मध्येच ‘पैकी’, ‘वजा’, ‘बाकी’. कोणती रक्कम कोणत्या रकमेत मोडते, हे पुष्कळदा शब्दांवरून कळत नाही, ती कागदावर किती आत सरकवून लिहिली आहे यावरून कळते. असे पान एका सलग ओळीत उतरवले, तर एकूण आणि पोटभाग एकाच पातळीवर येतात. त्यांची पुन्हा बेरीज केली की एकच रुपया दोनदा मोजला जातो. त्यावरून एखाद्या परगण्याचा वसूल काढणारा अभ्यासक प्रामाणिकपणे चुकीचा निष्कर्ष काढील.

१५/
यात आणखी एक बारकावा आहे. जुन्या लेखनात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तशीच उभी रेघ पोथीत वाक्याचा दंड असते, आखलेल्या कोष्टकात स्तंभांची सीमा असते, आणि कधी ती नुसती कागदाची घडी असते. एकट्या रेघेकडे पाहून हा निर्णय यंत्रालाच काय, माणसालाही करता येणार नाही. ती आकड्याला लागून आहे का, पानभर खाली जाते का, शेजारच्या ओळींतही त्याच जागी आहे का, हे पाहावे लागते. हे पाहणे म्हणजेच मांडणीचे विश्लेषण. पाव रुपया आहे की घडी, हा प्रश्न अक्षरओळखीच्या आधी सुटतो.

१६/
कधी कोरी जागाच बोलते. मुघल आमदानीतील फार्सी पत्रलेखनात ईश्वराचे किंवा बादशहाचे नाव मजकुराच्या ओळीत न लिहिता तेथे जागा मोकळी सोडावी आणि ते नाव पानाच्या माथ्यावर लिहावे, अशी आदराची रीत होती. वाचणाऱ्याने ते नाव मनाने खाली आणून वाक्यात बसवायचे. सरळ वाचणाऱ्या यंत्राला येथे दोन चुका करण्याची संधी मिळते : वरचे नाव शीर्षक समजावे, आणि खालचे वाक्य अपुरे समजावे. दरबारातील मानाची उतरंड ज्या मोकळ्या जागेत सांभाळली होती, ती जागा ‘रिकामी’ म्हणून गळते आणि तिच्याबरोबर अर्थही गळतो.

१७/
परदेशी दफ्तरांतही मराठ्यांचा इतिहास विखुरलेला आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाचे वृत्त वेंगुर्ल्याच्या डच वखारीतूनही वर कळवले गेले होते. डच ईस्ट इंडिया कंपनीचे दफ्तर २००३ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत समाविष्ट झाले, आणि त्यातील लाखो हस्तलिखित पाने आता संगणकाच्या साहाय्याने वाचली जात आहेत. कंपनीच्या पत्रांत समासामध्ये मजकुराचे छोटे सारांश असतात. समास आणि मुख्य मजकूर वेगळे ओळखले नाहीत, तर सारांशाचे शब्द पत्राच्या वाक्यांत मिसळतात. म्हणून तेथेही पहिले काम असते पानाचे भाग पाडून ओळींच्या पायरेषा शोधण्याचे, वाचन त्यानंतर.

१८/
येथवर धोके सांगितले, आता लाभ. पहिला लाभ असा की, एकही अक्षर न वाचता दफ्तराची वर्गवारी करता येते. मोडी कागदांचे गठ्ठे रुमालांत बांधलेले असतात, आणि एका रुमालात काय काय आहे याची पानवार यादी दुर्मीळ. पण पत्र, हिशेब, सनद आणि महजर यांची चण दुरूनही वेगळी दिसते. आत-बाहेर सरकणारे आकडे दिसले की हिशेब. माथ्यावर मोठी मुद्रा असली की राजपत्राची शक्यता. तळाशी निशाण्यांची रांग असली की महजर. यंत्राने एवढे जरी विश्वासाने सांगितले, तरी मोडी जाणणारा अभ्यासक हजार पानांऐवजी नेमकी चाळीस पाने हाती घेऊ शकेल.

१९/
दुसरा लाभ शिक्क्यांचा. मुद्रा आणि मोर्तब यांचे तुकडे पानांतून वेगळे काढून शेजारी शेजारी ठेवले, तर एकच शिक्का कोठे कोठे उमटला आहे, त्याची कड कधी झिजली, कोणत्या पत्रावर तो अपेक्षित असूनही नाही, याची तुलना शक्य होते. बनावट सनदांचा प्रश्न आजचा नाही. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने दावेदारांच्या कागदांची छाननी केली, तेव्हा पेशवे दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहणे हाच मोठा आधार होता. त्या पडताळणीने कितीतरी घराण्यांच्या उत्पन्नाचा निर्णय केला. तशी तुलना आज विद्यार्थ्यालाही करता यावी, ही मागणी अवाजवी नाही.

२०/
तिसरा लाभ थेट वर्तमानाशी जोडलेला आहे. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या संदर्भात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जुन्या नोंदवह्या चाळण्यासाठी मोडी जाणणाऱ्यांची अचानक गरज भासली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूंत येथे शिरायचे नाही. तांत्रिक बाजू एवढीच : कोतवाल बुक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत जातीचा रकाना ठरलेल्या जागी असतो. पान सरळ करून तो रकाना आणि त्याच्या शेजारचे नाव तेवढे कापून वाचकापुढे ठेवणे यंत्राला जमण्याजोगे आहे. शब्द माणूसच वाचेल. पाने उलटण्याचे कष्ट तेवढे यंत्र घेईल. ज्या नोंदीवर कुटुंबाचा दाखला अवलंबून आहे, तेथे श्रमाची हीच विभागणी योग्य.

२१/
मोठ्या प्रमाणावर हे साधते, याचा दाखला अमेरिकेत आहे. तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२० मध्ये ‘न्यूजपेपर नॅव्हिगेटर’ या प्रकल्पातून १ कोटी ६० लाखांहून अधिक जुन्या वृत्तपत्र-पानांतील छायाचित्रे, नकाशे, व्यंगचित्रे, मथळे आणि जाहिराती वेगळ्या काढल्या. त्या यंत्राला शिकवणी मिळाली ती स्वयंसेवकांकडून : सामान्य वाचकांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातील वृत्तपत्रांवर चौकटी आखून दिल्या होत्या. मराठी वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींतही नाटकांच्या जाहिराती, औषधांचे दावे, बाजारभाव आणि व्यंगचित्रे पडून आहेत. समाजेतिहासाचे हे कच्चे द्रव्य अग्रलेखांच्या सावलीत झाकलेले आहे.

२२/
यावर एक आक्षेप रास्त आहे : हा पैसा आणि वेळ मोडी शिकवण्यावर का खर्च करू नये? उत्तर असे की, मोडी वाचक वाढलेच पाहिजेत. यंत्र त्यांची जागा घेऊ शकत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही, शब्द तोडलेले नसतात, संक्षेप विपुल असतात. संदर्भ जाणणाऱ्यालाच वाक्य लागते. पण मोडी वाचणारे आज मोजके आहेत आणि कागद त्यांची वाट पाहत थांबलेला नाही. पुण्यातील पेशवे दफ्तर असो की तंजावरच्या मराठ्यांचे मोडी कागद, जाणकाराचा वेळ कोठे लावायचा, हाच मोठा प्रश्न आहे. पानांची छाननी यंत्राने केली, तर जाणकाराचा वेळ वाचनाला उरतो.

२३/
दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : यंत्राची निवड हा नवा पक्षपात नाही का? आहेच. पण निवडीवाचून इतिहास यापूर्वीही लिहिला गेलेला नाही. गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. ते काम पर्वताएवढे, आणि आजही त्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. तरी ती निवडच होती. दफ्तराचा फार मोठा भाग, त्यातही हिशेबाचा, रुमालांतच राहिला. फरक असा की, संपादकाची निवड प्रस्तावनेत वाचता येते. यंत्राची निवड मात्र वर्गांच्या यादीत दडलेली असते. ती यादी प्रत्येक संग्रहाने प्रकाशित केली पाहिजे.

२४/
म्हणून काही गोष्टी आग्रहाने मागायला हव्यात. स्कॅन करताना कडा कापू नयेत. समास हा कागदाचाच भाग आहे. पाठकोरी बाजू खरोखर कोरी असली तरी तिचाही स्कॅन व्हावा, कारण सांध्यावरचा शिक्का तेथेच असतो. पान ‘स्वच्छ’ करून मूळ रंगीत चित्र फेकून देऊ नये. यंत्राने काढलेला मजकूर सुटा न ठेवता प्रत्येक ओळ पानावर नेमकी कोठे आहे, हे मोजमाप त्यासोबत जपावे. शंका आली की वाचकाला मूळ जागेवर परतता आले पाहिजे. आणि यंत्राला जेथे खात्री नाही, तेथे तसे चिन्ह असावे.

२५/
यादीचा मसुदा मराठीत, मराठी दफ्तरांच्या परिभाषेत व्हावा : श्री, मुद्रा, मोर्तब, समास, निशाणी, बेरीज, सांधा, मोकळी जागा. हे शब्द केवळ नावे नाहीत. प्रत्येकामागे लेखकाची आणि कारकुनाची एक पद्धत उभी आहे. त्या पद्धती शिकण्यासाठी आधी मोडी अस्खलित यायलाच हवी, असेही नाही. माथा, समास, शिक्का आणि निशाणी ओळखून त्यांभोवती चौकट आखणे हे नवशिक्याला थोड्या सरावाने जमते, आणि जाणकाराने ते तपासले की यंत्राच्या शिकवणीचे साहित्य तयार होते. मोडीच्या वर्गात पहिल्या आठवड्यापासून हे करून घेता येईल. विद्यार्थी कागद पाहायला शिकतो, आणि त्याच श्रमातून यंत्रही शिकते.

२६/
मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे मोडी अक्षर संगणकावर साठवण्याची सोय झाली. अक्षराला संकेत मिळाला; पानाला अजून मिळालेला नाही. नांगराच्या निशाणीला, पाव दाखवणाऱ्या रेघेला, बादशहासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेला कोणत्याही अक्षरसंचात आपोआप जागा मिळणार नाही. ती जागा अभ्यासकांनी करून द्यावी लागेल. ज्याने दोनशे वर्षांपूर्वी कागदावर तराजू काढला, त्याने आपले म्हणणे पूर्ण केले होते. आजच्या संग्रहात ते दिसावे की नाही, एवढाच प्रश्न उरला आहे. आणि त्याचे उत्तर स्कॅनर सुरू करण्यापूर्वी द्यायचे आहे.